टाहोला जायचंय? आधी जागा कुणाची ते बघा

मागच्या अंकात उन्हाळ्याच्या ट्रिपांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि बे एरियातली मंडळी म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं, निम्म्याहून जास्त पत्रं लेक टाहोची, म्हणजे कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या त्या तळ्याची. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, काही पत्रं फारच लांब होती ती कापलीत, रागावू नका.

फ्रीमाँटच्या एका वाचकाचा प्रश्न: आम्ही दोन फॅमिली, मुलं धरून आठ जण, जुलैमध्ये टाहोला कॅम्पिंग करायचं ठरवतोय. योसेमिटीला गेलो होतो तसं गेटवर पास दाखवून आत जायचं असतं का? ऑनलाइन बघतोय तर एका साइटवर सगळं फुल, दुसऱ्या साइटवर तीच नावं दिसत नाहीत, तिसरीकडे वेगळेच रेट. डोकं फिरलंय. नीट सांगा.

उत्तर: डोकं फिरणारच, कारण टाहोला गेटच नाही. योसेमिटी हे नॅशनल पार्क, एक खातं, गेटवर एक पास, एक नकाशा. टाहोच्या भोवती आहे ते मुख्यतः नॅशनल फॉरेस्ट, आणि ते बघणारी फॉरेस्ट सर्व्हिस ही १९०५ पासून चक्क शेतकी खात्यात आहे. त्यांच्या जमिनीवर झाडं तोडली जातात, गुरं चरतात, स्की रिसॉर्ट चालतात, आणि आपण तंबूही ठोकतो. त्यात टाहोची गंमत अशी की तळ्याभोवतीच्या जमिनीपैकी साधारण पाऊण हिस्सा फॉरेस्ट सर्व्हिसचा, पण काठावरचे मोक्याचे तुकडे कॅलिफोर्निया स्टेट पार्कचे, पलीकडच्या बाजूला नेवाडा स्टेट पार्कचे, काही गावाच्या म्युनिसिपालटीचे, आणि मध्येमध्ये खाजगी बंगलेवाले. त्यामुळे माझं एकच म्हणणं असतं, कुठलीही जागा आवडली की फोटो बघत बसायच्या आधी ती कुणाची ते बघा. बुकिंग कुठे, पास चालेल का, कुत्रा चालेल का, शेकोटी चालेल का, हे सगळं त्यावरून ठरतं.

आता तुमच्या फुल साइटचं. फॉलन लीफ, नेवाडा बीच, विल्यम केंट ही फॉरेस्ट सर्व्हिसची कॅम्पग्राउंड, ती रेक्रिएशन डॉट गव्ह ह्या केंद्र सरकारच्या बुकिंग साइटवर. डी. एल. ब्लिस, शुगर पाइन पॉइंट आणि एमराल्ड बेचं कॅम्पग्राउंड स्टेट पार्कची, ती रिझर्व्ह कॅलिफोर्निया ह्या राज्याच्या बुकिंग साइटवर. साउथ लेक टाहो गावात 'कॅम्पग्राउंड बाय द लेक' म्हणून आहे ते गावाचं, त्याचं बुकिंग तिसरीकडे. म्हणजे तुम्हाला जे तीन घोळ वाटले ते तीन मालक आहेत, घोळ नाहीच.

सरकारी दोन्ही साइटवर साधारण सहा महिने आधी तारखा उघडतात, सकाळीच उघडतात आणि जुलैचे शनिवार-रविवार चहा गाळेपर्यंत संपतात. तुम्ही आता बघताय म्हणजे ती गाडी सुटली. पण घाबरू नका, लोक खूप कॅन्सल करतात, रेक्रिएशन डॉट गव्हवर त्या जागेचा अलर्ट लावून ठेवता येतो, आणि रविवार ते गुरुवार बघितलंत तर बऱ्यापैकी शक्यता आहे. आठ जणांना एक साइट, म्हणजे कॅम्पग्राउंडमधली तंबूची एक जागा, पुरेल असं धरू नका, प्रत्येक साइटला माणसांची आणि गाड्यांची मर्यादा असते, जास्तीच्या गाडीचे वेगळे पैसे.

अजून एक, ह्यात भलेभले फसतात. गुगलवर 'टाहो नॅशनल फॉरेस्ट' शोधाल तर ते तळ्याच्या वायव्येला पसरलेलं वेगळंच फॉरेस्ट आहे, त्यातली काही कॅम्पग्राउंड तळ्यापासून चांगली तासा-दीड तासावर आहेत. तळ्याभोवतीची जमीन पूर्वी एल्डोराडो, टाहो आणि टॉयाबे अशा तीन फॉरेस्टमध्ये वाटलेली होती, १९७३ मध्ये ती एका हाताखाली आणली आणि त्या ऑफिसचं नाव आहे लेक टाहो बेसिन मॅनेजमेंट युनिट. नावात फॉरेस्ट हा शब्दच नाही, त्यामुळे लोकांना ते कुठलं तरी पाणीपुरवठ्याचं ऑफिस वाटतं. पण नियम, बंद रस्ते, आगीची बंदी, सगळं त्यांच्याच पानावर येतं, तेच बुकमार्क करा.

आणि "फॉरेस्ट आहे ना, मग कुठेही रस्त्याकडेला तंबू लावू" असं कुणी व्हॉट्सॅपवर सांगितलं असेल तर ते दुसऱ्या फॉरेस्टांमध्ये बऱ्याच ठिकाणी चालतं, टाहोच्या खोऱ्यात गाडी लावून तिथेच बाजूला मुक्काम चालत नाही.

पुण्याहून एक काका लिहितात: मुलीकडे सॅन होजेला चार महिने येतोय, वय ६८, सौ. ६४. मुलगी टाहोला नेणार म्हणते. सिनिअर सिटिझनचा पास मिळतो असं ऐकलं. मला बीपीची गोळी चालू आहे. आम्हाला झेपेल असं काय आहे तिथे? नुसतं गाडीत बसून तळं बघायला आवडत नाही.

उत्तर: काका, पासचं आधी सांगतो म्हणजे आशा लागून राहायला नको, तो केंद्र सरकारच्या पार्क-फॉरेस्टांचा सिनिअर पास ६२ वर्षांवरच्या अमेरिकन सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच आहे, व्हिजिटर व्हिसावर नाही मिळत. आणि मिळाला असता तरी स्टेट पार्कात तो चालत नाही, तिथे पार्किंगचे वेगळे पैसे भरावे लागतातच.

उंचीचं मात्र मनावर घ्या. टाहोचं पाणी समुद्रसपाटीपासून ६,२२५ फुटांवर आहे, म्हणजे मीटरमध्ये १,८९७. आपलं कळसूबाई १,६४६. तुम्ही काठावर बाकावर बसलेले असाल तेव्हाही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा अडीचशे मीटर वर असाल, आणि सॅन होजेहून चार-पाच तासांत तिथे पोचलेले असाल. पहिल्या दिवशी थोडं डोकं जड होणं, चढाला दम लागणं, रात्री झोप नीट न लागणं हे तिशीतल्या पोरांनाही होतं. पहिला दिवस काही मोठं ठरवू नका, पाणी भरपूर प्या, आणि गोळीचं डॉक्टरांना निघायच्या आधी विचारा, ते मी सांगणं बरोबर नाही.

झेपण्यासारखं भरपूर आहे हो. दक्षिण काठाला टेलर क्रीकचं व्हिजिटर सेंटर आहे, फॉरेस्ट सर्व्हिसचं, तिथून रेनबो ट्रेल म्हणून छोटी सपाट वाट निघते, ओढ्याच्या आणि गवताळ दलदलीच्या कडेने, आणि मध्ये जमिनीखाली एक खोली केलीय जिच्या काचेतून ओढा आतून दिसतो, मासे डोळ्यांच्या लेव्हलला. त्यालाच लागून टॅलॅक हिस्टॉरिक साइट, शंभर वर्षांपूर्वीच्या श्रीमंतांचे लाकडी बंगले पाइनच्या झाडांत, सगळं सपाट, काठाला बाक. तिथे जेफ्री पाइन दिसला की त्याच्या सालीच्या भेगेत नाक घालून वास घ्या. व्हॅनिलाचा येतो, थट्टा करत नाहीये, ऊन तापलेलं असलं की जास्तच. काकूंना सांगा, येणारेजाणारे बघतील पण लाजू नका, तिथे सगळेच झाडं हुंगतात.

एमराल्ड बेला सगळेच नेतात, तुम्हालाही नेतील, आणि न्यावंच. वरून दिसतं ते पुरेसं आहे. खाली व्हायकिंग्जहोम म्हणून १९२९ सालचा दगडी वाडा आहे, त्याला उतरून जायला मैलभर वाट, उतरताना सगळे गप्पा मारत जातात आणि तेच पाचशे फूट परत चढून येताना कुणी कुणाशी बोलत नाही. तुम्ही पर्वती रोज चढत असाल तर जा, नाहीतर नको. लेकीला एक सांगा, तो वाडा स्टेट पार्कचा आहे आणि तिथून जवळच ईगल फॉल्सची वाट सुरू होते ती फॉरेस्टची, दोन पार्किंग लॉट, दोन मालक, एका लॉटची पावती दुसरीकडे चालत नाही. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर दोन्ही भरलेले असतात आणि मग लोक हायवे ८९ च्या कडेला कड्याच्या टोकावर गाड्या लावतात, दंड होतो आणि जीवाला धोका तो वेगळाच.

तिथल्या खारी, चिपमंक, अगदी पायाशी येतील, हातात शेंगदाणा दिसला की अंगावर चढायलाही कमी करत नाहीत. देऊ नका. ऑगस्ट २०२१ मध्ये ह्याच टेलर क्रीकच्या चिपमंकमध्ये प्लेगचे जंतू सापडले होते, सेंटर आणि शेजारचा किवा बीच काही दिवस बंद ठेवला होता. पुणेकरांना प्लेगचं काय ते मी सांगायला नको.

सॅन रमोनच्या एका ताईंचा प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये मॅगी आणि सँडविचवर तीन दिवस काढायला कुणी तयार नाही. कुकर, फोडणीचं सामान, सगळं नेऊ का? नवरा म्हणतो फोडणीच्या वासाने अस्वल येईल. खरं का?

उत्तर: कुकर न्याच. ह्या उंचीवर पाणी साधारण ९४ अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवायला गेलात तर ती तासभर नुसती नाचत राहते, शिजत नाही, गॅसची नळकांडी संपतात आणि पोरं चिवड्यावर पोट भरून झोपून जातात. छोटा तीन लिटरचा कुकर आणि दोन शेगड्यांचा स्टोव्ह, बास. घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, मेतकूट, कांदा परतून ठेवलेला मसाला असं करून न्या, म्हणजे तिथे फक्त भात आणि आमटी टाकायची. माझं वैयक्तिक मत विचाराल तर कॅम्पवर मिसळ करू नये. करणाऱ्याची सगळी सकाळ त्यात जाते आणि उरलेल्या तर्रीचं करायचं काय हा प्रश्न उरतो, ती मातीत ओतता येत नाही, ओढ्यात तर नाहीच नाही.

आता अस्वल. नवऱ्याचं अर्धं बरोबर. टाहोत काळी अस्वलं भरपूर आहेत, नाव काळी, रंग बऱ्याचदा तपकिरी, आणि त्यांचं नाक असं आहे की फोडणी काय, गाडीच्या सीटखाली पडलेल्या चिक्कीच्या कागदाचाही पत्ता लागतो. पण ती तुम्हाला खायला येत नाहीत, सामान खायला येतात. शिजवणं हा प्रॉब्लेम नाही, शिजवून झाल्यावर सगळं तसंच टेबलावर ठेवून गप्पा मारत बसणं हा प्रॉब्लेम आहे. प्रत्येक साइटला लोखंडी पेटी असते, बेअर बॉक्स, तिची कडी बोटं आत घालून दाबायची असते कारण अस्वलाचा पंजा तिथे शिरत नाही. त्यात काय काय जातं हे लोकांना कळत नाही. अन्न आणि कूलर तर आलाच, पण टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, विक्स, डास पळवायचं क्रीम, लहान बाळाचे वाइप्स, देवाला आणलेले पेढे, रिकामा खरकटा कुकर, कचऱ्याची पिशवी, जे जे वास मारतं ते सगळं. तंबूत काही नाही आणि गाडीतही काही नाही, टाहोची अस्वलं गाडीचं दार हँडल ओढून उघडतात, लॉक नसेल तर सरळ, आणि आत शिरल्यावर दार मागे बंद झालं की बाहेर पडायच्या धडपडीत आतली सीटं फाडून ठेवतात.

२०२२ मध्ये साउथ लेक टाहोत एक प्रकरण फार गाजलं. पाचशे पौंडी अस्वल, लोकांनी त्याचं नाव ठेवलं हँक द टँक, डझनावारी घरफोड्या त्याच्या नावावर. मग डीएनए तपासलं तर निघालं की एकटा हँक नाही, निदान तीन वेगळी अस्वलं आहेत. पुढच्या वर्षी पकडलं तेव्हा कळलं की हँक ही बाई आहे, पिल्लांची आई. तिचं नशीब बरं, कोलोराडोच्या एका अभयारण्यात पाठवली. माणसाच्या खाण्याला चटावलेल्या सगळ्याच अस्वलांचं असं होत नाही, बऱ्याच जणांना मारावं लागतं, आणि सुरुवात कुणीतरी रात्री बाहेर ठेवलेल्या कूलरने झालेली असते. तेव्हा ताई, जिरं-मोहरी बिनधास्त तडतडवा, पण सूर्य असेपर्यंत जेवणं उरका आणि झाकपाक पेटीत.

भांडी ओढ्यावर नेऊन घासायची नाहीत, बायोडिग्रेडेबल साबण असला तरी नाही. खरकटं पुसून कचऱ्यात, पाणी कॅम्पग्राउंडने सांगितलेल्या जागी.

सॅक्रामेंटोहून एक विद्यार्थी विचारतो: मी आणि माझे दोन रूममेट, सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, डेसोलेशन वाइल्डरनेसला दोन रात्री जायचंय. परमिट वगैरे खरंच लागतं की कुणी बघत नाही? रात्री शेकोटी केली तर?

उत्तर: बघतात रे. रेंजर वाटेत भेटतात आणि परमिट मागतात. डेसोलेशन म्हणजे तळ्याच्या नैर्ऋत्येचा सुमारे ६४ हजार एकरांचा ग्रॅनाइटचा पसारा, फॉरेस्टच्याच ताब्यातला पण कायद्याने वाइल्डरनेस, म्हणजे फॉरेस्टच्या जागेवरही वेगळे कडक नियम. दिवसाभराच्या हाइकलाही परमिट लागतं, ते फुकट, उन्हाळ्यात बहुतेक वाटांच्या सुरुवातीला पेटीत फॉर्म असतो, स्वतःच भरायचा. रात्रीच्या मुक्कामाला मात्र मेअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोटा असतो, पहिली रात्र कुठल्या झोनमध्ये काढणार त्यावर, बुकिंग रेक्रिएशन डॉट गव्हवर. वीकेंडचे लवकर जातात, तुम्ही स्टुडंट आहात, मंगळवारी जा की.

शेकोटीचा विषय डोक्यातून काढून टाक. डेसोलेशनमध्ये बाराही महिने शेकोटी बंद आहे. गॅसचा स्टोव्ह चालतो, त्यालाही कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं, पाच मिनिटांचं काम. २००७ च्या जूनमध्ये टाहोच्या दक्षिणेला कुणीतरी परवानगी नसलेल्या जागी शेकोटी केली आणि नीट विझवली नाही, त्यातून अँगोरा फायर लागली, सुमारे अडीचशे घरं गेली. २०२१ च्या कॅल्डोर फायरला तर सबंध साउथ लेक टाहो गाव रिकामं करावं लागलं, हायवे ५० वर गाड्यांची रांगच रांग. तिथल्या माणसासमोर "छोटीशीच करतो" म्हणालास तर तो काय बोलेल ते मला इथे छापता येणार नाही.

बेअर कॅनिस्टर आता सक्तीचा आहे, अस्वलापासून खाणं वाचवायचा तो कडक प्लॅस्टिकचा डबा, झाडाला पिशवी टांगणं चालत नाही. विकत महाग पडतो, भाड्याने घे. ओढ्याचं पाणी फिल्टर केल्याशिवाय पिऊ नको, कितीही स्वच्छ दिसलं तरी जिआर्डिया, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो. सह्याद्रीचा अनुभव पायांना उपयोगी पडेल, पण तिथे वाट चुकलास तर खाली वाडी सापडते, चहा मिळतो. इथे वाडी नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. नकाशा ऑफलाइन उतरवून घे, कागदाचाही घे, आणि रूमवर राहणाऱ्या कुणाला तरी कधी परतणार ते लिहून देऊन जा. जूनमध्ये जाणार असशील तर वरच्या खिंडींत बर्फ असतो, जुलैत ओढ्यांना पाणी आणि डास दोन्ही जोरात. ऑगस्टचा शेवट मला आवडतो, फक्त धुराचा अंदाज निघायच्या आदल्या दिवशी बघायचा.

डब्लिनहून एक आई: मुलं ७ आणि ११. इन्फ्लेटेबल कयाक घेतलाय. पाणी सेफ आहे ना?

उत्तर: पाणी स्वच्छ आहे, सेफ म्हणजे काय त्यावर अवलंबून. भर उन्हाळ्यातही वरचं पाणी १८ ते २१ अंश, आणि काठापासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खाली जातो, सर्वात खोल जागी ५०१ मीटर. एकदम उडी मारली की थंडीने श्वास अडकतो, पोहणाऱ्याचाही, म्हणून हळूहळू उतरायचं. पाणी इतकं नितळ की पाच फूट वाटतं ते दहा असतं. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, कॅलिफोर्नियात १३ वर्षांखालच्या मुलांनी कयाकमध्ये ते घातलेलंच असलं पाहिजे असा कायदा आहे, आणि खरं तर तुम्हीही घाला म्हणजे पोरं कुरकुर करणार नाहीत. कयाक सकाळी, दुपारी वारा सुटतो आणि हवा भरलेल्या हलक्या कयाकला तो तळ्याच्या मध्याकडे ढकलत नेतो. बाल्डविन किंवा पोप बीचला काठाकाठाने फिरा, दोन्ही फॉरेस्टचे, पार्किंग लवकर भरतं. सॅंड हार्बरचे फोटो बघून जायचं मनात असेल तर तो नेवाडा स्टेट पार्कचा, तिथे जायच्या आधी पार्किंगचं रिझर्व्हेशन लागतंय का ते त्यांच्या साइटवर बघून निघा, नाहीतर काउंटरवरून परत.

कयाक आधी दुसऱ्या कुठल्या तळ्यात वापरला असेल तर घरी पूर्ण धुऊन, रिकामा करून, खडखडीत वाळवून न्या. टाहोत परक्या शिंपल्या-गोगलगायी शिरू नयेत म्हणून मोटरबोटींची २००८ पासून सक्तीची तपासणी असते, तरीही २०२३ मध्ये न्यूझीलंडची एक बारीक गोगलगाय सापडलीच.

चार जुलैला जाऊ नका. २०२३ च्या चार जुलैनंतर तिथल्या बीचेसवरून आठ हजार पौंडांपेक्षा जास्त कचरा उचलला होता. अठरा तारखेला जा.

कुपर्टिनोचे एक वाचक: जुलैचं काही जमत नाही. ऑक्टोबरमध्ये काही मजा आहे का?

उत्तर: माझ्या मते जुलैपेक्षा जास्त. गर्दी नाही, आस्पेनची झाडं पिवळी झालेली, आणि टेलर क्रीकमध्ये कोकानी सामन अंडी घालायला तळ्यातून वर येतात, लालभडक, पाठीला कुबड आलेले, उथळ पाण्यात एकमेकांना ढुसण्या देत. हा मासा मूळचा इथला नाही, १९४० च्या दशकात आणलेला, पण आता अस्वलं आणि गरुड त्याच्या भरवशावर असतात, त्यामुळे संध्याकाळी त्या वाटेवर जरा आवाज करत चाला. रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, बरीच कॅम्पग्राउंड ऑक्टोबरच्या मध्यात बंद होतात, काहींचं पाणी त्याआधीच तोडतात, तेव्हा तंबूपेक्षा केबिन किंवा गावातलं हॉटेल बघा. आणि महिनाअखेर जाणार असाल तर गाडीत चाकांना लावायच्या बर्फाच्या चेन टाकून ठेवा, हायवे ५० वरची एको समिट ही खिंड ७,३८२ फुटांवर आहे, तिथे ऑक्टोबरमध्येही बर्फ पडतं.